पूजा द्वारपालाची, उपेक्षा पहारेकऱ्याची

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या पहाटे आमच्या आगाशीत भवानीशंकराच्या देवळातील घंटा वाजू लागतात, वाड्यांतून केळीची पाने, दूर्वा आणि जास्वंदी घरोघर येऊन पडतात, आणि मूर्ती आणावयास निघालेल्या मंडळींची टाळांसह लगबग सुरू होते. मूर्ती उंबरठ्याशी आली की घरची लक्ष्मी भाकरतुकडा ओवाळून टाकते, मूर्ती आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालते, आणि मगच गजानन आत येतात. ज्या चौकटीखालून ते आत येतात, तिच्या माथ्यावर मात्र आणखी एक गजानन अगोदरच बसलेले असतात. जुन्या घरांतील त्या कोरीव फळीला आपण गणेशपट्टी म्हणतो. देवघरात देव असताना दारावर पुन्हा हा गणपती कशासाठी, असा प्रश्न लहानपणी आम्ही वडिलांना केला होता. ते म्हणाले, "अरे, त्याचे पहिले काम दारावरचेच. अग्रपूजेचा मान त्याला नंतर मिळाला."

गेली चाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहून आम्ही हे आख्यान लावीत आलो. त्याचा अर्थ मात्र आम्हांस गेल्या पौषात कळला, आणि तोही पोथीत नव्हे, तर मुंबईतील एका भव्य प्रेक्षागृहाच्या दारात, आमच्याच लाजिरवाण्या वर्तनामुळे. ती हकीकत सणाच्या दिवशी सांगावी की न सांगावी, असा विचार आम्हांस पडला होता. परंतु कीर्तनकाराने श्रोत्यांचे दोष सांगावेत आणि स्वतःचे झाकावेत, हे त्या गादीला शोभणारे नव्हे. म्हणून सांगतो.

एका शिष्याने भक्तिसंगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट आग्रहाने आणून दिले होते. हजारो माणसे बसतील असे ते स्थान. दारात मेटल डिटेक्टरची चौकट, तिच्यापुढे रांगा आणि प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक गणवेशधारी रक्षक. आमच्या रांगेचा रक्षक आम्हांस पाहून किंचित हसला. तो आगाशीचाच निघाला. लहानपणी देवळात आमच्यासमोर मांडी घालून बसणारा मुलगा. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बुवा, पिशवी उघडावी लागेल."

आम्ही म्हणालो, "अरे, ओळखलं नाहीस का?"

"ओळखलं, बुवा. म्हणून तर पाया पडलो. पण पिशवी उघडा."

पिशवीत झांजा होत्या, बुक्क्याची डबी होती आणि पानाच्या चंचीत वडिलांच्या हातचा पितळी अडकित्ता होता. त्याने अडकित्ता बाजूला काढला. धारेची वस्तू आत नेता येत नाही, चिठ्ठी करून ठेवतो, जाताना परत देतो, असे तो अगदी अदबीने म्हणाला. आणि आम्ही, ज्यांनी शेकडो वेळा शमदमाचे निरूपण केले ते आम्ही, चारचौघांत संतापलो. आवाज चढला. तो ऐकून संयोजकांपैकी एक गृहस्थ धावत आले. त्यांनी त्या मुलाला सर्वांदेखत झापले, अडकित्ता आमच्या हाती दिला आणि मानाने आत नेऊन पुढच्या रांगेत बसविले. खरे सांगतो, वाचकहो, त्या क्षणी आम्हांस बरे वाटले.

पंधरा दिवसांनी तो मुलगा तळ्याच्या पायऱ्यांवर भेटला. त्या दिवसाची त्याची हजेरी कापली गेली होती आणि पुढच्या कार्यक्रमापासून त्याला गाड्या लावण्याच्या जागी उन्हात उभे केले होते. तक्रारीचा सूर त्याच्या बोलण्यात नव्हता. तो एवढेच म्हणाला, "बुवा, पैशाचं जाऊ द्या. पण तुम्हाला सोडल्यावर मागचा माणूस म्हणाला, त्यांना सोडलंत मग मलाच का? मग त्याच्या मागचा. अर्ध्या तासात कोणी पिशवी उघडायला तयार होईना. कुणाच्या पिशवीत काय गेलं, मला माहीत नाही."

त्या रात्री आम्ही शिवपुराणातील रुद्रसंहितेचा कुमारखंड पुन्हा उघडला.

कथा आपणा सर्वांस पाठ आहे. पण तिचा आरंभ आपण घाईने ओलांडतो. पार्वतीमाता स्नानास बसली असता दारावर नंदी होता. शंकर आले. नंदीने अडविण्याचा प्रयत्न केला. पण तो पडला महादेवांचाच सेवक. धन्यापुढे त्याचे काय चालणार? महादेव आत गेले आणि माता संकोचली. तेव्हा सखींनी सुचविलेले तिला आठवले, की या दारावर असा कोणी हवा जो केवळ आपली आज्ञा मानील. म्हणून तिने अंगच्या मळापासून पुत्र घडविला. त्याला तिने दोन गोष्टी दिल्या: हातात एक काठी, आणि कानात एक आज्ञा. माझ्या अनुज्ञेवाचून कोणासही आत सोडू नकोस, तो कोणीही असो.

'तो कोणीही असो' या तीन शब्दांत पहारेकऱ्याचा सारा धर्म साठविलेला आहे. पुत्राने साक्षात पित्याला अडविले. गण आले, देव आले, युद्ध झाले आणि शेवटी त्या बालकाचे मस्तक त्रिशूळाने उडाले. पुढे काय झाले? मातेने असे म्हटले नाही, की 'पोर अडाणी होते, पाहुण्याला ओळखले नाही, क्षमा असावी.' ती क्रुद्ध झाली आणि त्रैलोक्य हादरले. तिने दोन अटी घातल्या: पुत्र जिवंत झाला पाहिजे आणि त्याला सर्वांत पूज्य स्थान मिळाले पाहिजे. आणि महादेवांचा मोठेपणा असा, की ज्याने त्यांना अडविले त्यालाच त्यांनी गणांचा अधिपती केले. ज्याने दारात उभे केले ती पाठीशी उभी राहिली, आणि ज्याला अडविले त्याने अडविणाऱ्याचा गौरव केला. गणेशचतुर्थीचे हे मर्म आम्ही चाळीस वर्षे सांगितले आणि प्रसंग आला तेव्हा नेमके उलट वागलो.

आता आजच्या पहारेकऱ्याकडे पाहावे. त्याला काठी मिळते, आज्ञा मिळते. परंतु 'तो कोणीही असो' हे तीन शब्द मात्र त्याच्या आज्ञेतून वगळलेले असतात. सामान्य माणसाला अडव, मोठ्याला सलाम कर, आणि मोठा कोण हे तूच ओळख. चुकलास तर हजेरी तुझी. कायद्याने त्याला तुमच्या-आमच्याहून अधिक अधिकार नाही. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्यास धरून पोलिसांच्या स्वाधीन करावे, एवढा जो अधिकार प्रत्येक नागरिकास आहे, तेवढाच त्याला. मालकाचा निःसंदिग्ध पाठिंबा हेच त्याचे एकमेव बळ, आणि नेमके तेच डळमळीत असते.

त्याचा दिवस कसा जातो हेही त्या मुलाकडून आम्ही ऐकले. कार्यक्रम संध्याकाळी सातला असला, तरी हजेरी दुपारी बाराला. आगाशीहून बसने विरार, तेथून लोकलने मुंबई. चर्चगेटपर्यंतचा हा प्रवास साठ किलोमीटरांचा. बारा-बारा तास उभे राहणे. दुसरा रक्षक आला नाही तर डबल ड्यूटी. आत गाणे रंगात आलेले असते तेव्हा त्याची पाठ रंगमंचाकडे आणि तोंड गर्दीकडे. वाद्यांचा नुसता धमधमाट त्याच्या कानी पडतो. प्रेक्षक घरी गेल्यावर त्याची सुटका. शेवटची विरार गाडी चुकली तर पहाटेपर्यंत फलाट. बसावयास स्टूल नाही, पाणी प्यावयास गेला तर जागा सोडल्याचा ठपका. आणि त्यांच्यातील वृद्धांना पाहिले की शाकुंतलाच्या पाचव्या अंकातील कंचुकी आठवतो. अधिकाराची खूण म्हणून तरुणपणी हाती घेतलेली वेत्रयष्टी आता म्हातारपणाचा आधार झाली, असे तो स्वतःशी म्हणतो. कालिदासाला राजद्वारीच्या त्या थकल्या माणसाकडे पाहावेसे वाटले. आपल्याला मात्र तिकिटावरचा आसनक्रमांक शोधताना तो दिसतही नाही.

कायदा नाही असे नव्हे. किंबहुना या बाबतीत महाराष्ट्र पुढेच होता. माथाडी-हमालांसाठी १९६९ साली कायदा झाला आणि त्याच वाटेने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला. त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन झाली. मंडळ रक्षकांची नोंद ठेवते, त्यांना आस्थापनांकडे पाठविते, वेतन मालकाकडून घेऊन त्यांच्या हाती देते, आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा यांची तरतूद करते. एजन्सीच्या रक्षकांना याहून कमी नसलेले लाभ मिळत असतील तर त्यांना या कायद्यातून सूट देण्याचीही सोय आहे. पुढे २००५ साली केंद्राने सुरक्षा एजन्सींसाठी कायदा केला. त्याखालील २००६ च्या आदर्श नियमांत रक्षकास शंभर तास वर्गातले आणि साठ तास प्रत्यक्ष कामाचे असे एकशे साठ तासांचे शिक्षण सांगितले होते. कागद उत्तम आहे. परंतु एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी शे-दोनशे माणसे जमवावयाची असतात, तेव्हा सकाळी गणवेश अंगावर चढविलेला मुलगा संध्याकाळी दहा हजारांच्या लोंढ्यापुढे उभा केला जातो, हे त्याच्या सोबत्यांच्या बाबतीत घडलेले त्याने आम्हांस सांगितले.

दुकाने आणि आस्थापना यांतील नोकरांना बसावयास आसन मिळालेच पाहिजे, असा नियम केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली केला. उभ्याने राबणाऱ्या माणसाला बसू देण्यासाठी कायदा करावा लागतो, ही गोष्ट अतिथीला आधी पाट मांडणाऱ्या आपल्या संस्कृतीस भूषणावह नव्हे.

कोणी म्हणेल, पिशवी आणि अडकित्ता यांचे एवढे काय? तर दाराचा धर्म बुडाला की काय होते, ते आठवावे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली आणि धुराने ५९ माणसे दगावली. जादा खुर्च्या बसविण्यापायी बाल्कनीतून बाहेर पडण्याची एक वाट बंद केलेली होती. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी क्रीडांगणाच्या दारांशी विजयोत्सवाची गर्दी लोटली आणि ११ जण चेंगरून मेले. इंग्लंडातील मँचेस्टर येथे २२ मे २०१७ रोजी गाण्याचा कार्यक्रम संपता संपता स्फोट झाला आणि २२ निरपराध माणसे गेली. त्याच्या चौकशीचा जो अहवाल २०२१ साली आला, त्यातील एक गोष्ट वाचून आमच्या अंगावर काटा आला. एका तरुण रक्षकाला त्या मारेकऱ्याविषयी शंका आली होती; पण आपण चुकलो तर आपल्यालाच बोल लागेल, या भीतीने तो पुढे झाला नाही आणि वरिष्ठांपर्यंत निरोपही पोचला नाही. तो रक्षक आळशी नव्हता. चुकल्यास आपल्यामागे कोणी उभे राहील, एवढा विश्वास त्याच्यापाशी नव्हता. आम्ही त्या संध्याकाळी आगाशीच्या त्या मुलाला हीच भीती शिकवून आलो होतो.

याची दुसरी बाजू आम्ही लपवू इच्छीत नाही. द्वारपालही उन्मत्त होतात. श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधात जय-विजयांची कथा आहे. सनकादिक मुनी बालरूपात, दिगंबर असे वैकुंठाच्या दारी आले. जय-विजयांनी त्यांचा अधिकार पाहिला नाही, वेश पाहिला आणि वेत्र आडवे केले. शाप मिळाला. आपल्या काळातही हेच घडते. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये मुलासह चित्रपट पाहावयास आलेल्या वृद्ध शेतकऱ्यास केवळ धोतर नेसल्यामुळे अडविण्यात आले. देशभर संताप उसळला आणि सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवावयास लावला. आपल्या पंढरीच्या महाद्वारी चोखोबांची समाधी आहे. जन्मभर ज्यांना आत येऊ दिले नाही त्या भक्ताचे ते स्थान. ते दार सर्वांसाठी उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. तेव्हा अडविणे हे आपोआप पुण्य होत नाही. पिशवीत शस्त्र आहे की नाही, हे पाहणे हा पहारेकऱ्याचा धर्म. अंगावर धोतर आहे की कोट, हे पाहणे हा अधर्म.

परंतु जय-विजयांच्या कथेतही आपण एक वाक्य विसरतो. भगवान स्वतः दारापर्यंत चालत आले आणि मुनींपुढे हात जोडून म्हणाले, सेवकांनी केलेला अपराध तो माझाच. सेवक चुकला की नाव धन्याचे जाते. वैकुंठाचा नायक दोष आपल्याकडे घेतो, आणि येथे धोतराचा नियम आपला नव्हे, वरून आला आहे, असे सांगणारा रक्षक मात्र सर्वांच्या रागाचे लक्ष्य ठरतो. तेव्हा पार्वतीमाता आणि भगवान विष्णू या दोघांचे वर्तन एकत्र ठेवून पाहिले, तर धन्याचा धर्म स्पष्ट होतो. रक्षक बरोबर असेल तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. रक्षक चुकला तर त्याच्या पुढे उभे राहावे. दोन्ही प्रसंगी त्याला एकटा सोडू नये.

आता काही मंडळी विचारतील, बुवा, हे मालकांना सांगा. आम्हां घरगृहस्थांस याचे काय? सांगतो. पुढल्या दहा दिवसांत आपण सारे कुठल्या ना कुठल्या दारात उभे राहणार आहोत. मोठ्या सार्वजनिक मंडळांच्या मंडपांतूनही आता गणवेशधारी रक्षक असतात. रांग मोडून ओळखीने पुढे जाण्याचा मोह तेथे प्रत्येकाला होतो, आणि 'आम्ही अमक्याचे पाहुणे' हे शब्द ओठांवर येतात. ज्याने बापालाही ओळखीवर सोडले नाही, त्याचे दर्शन ओळखीवर घ्यावयाचे, ही विसंगती निदान त्या क्षणी आपल्या ध्यानात यावी. अडविले तर थांबावे. पिशवी उघडावयास सांगितली तर न सांगता दुसऱ्यांदा उघडावी. तो चुकत असेल तर शांतपणे त्याच्या वरिष्ठास सांगावे, चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नये. कारण त्याला उलट बोलण्याची मुभा नसते आणि आपल्याला ती असते.

मंडळांच्या चालकांस आणि नाट्यगृहे, क्रीडांगणे, मनोरंजननगरी चालविणाऱ्यांस आमची विनंती मोजकी आहे. रक्षक घ्याल तो शिकलेला आणि नोंदलेला घ्या. त्याला आठ तासांची पाळी, एक स्टूल, पिण्याचे पाणी आणि जागा बदलावयास दुसरा माणूस द्या. रात्री उशीर होणार असेल तर परतीची सोय करा. कोणास सोडावे, कोणास अडवावे, याचा नियम लिहून दारावर लावा, आणि त्या नियमातून स्वतःलाही वगळू नका. आजच्या आरतीचा प्रसाद वाटताना पहिला मोदक दारावरच्या माणसाच्या हाती द्या. पण मोदक देऊन हजेरी कापू नका.

आम्ही स्वतः काय केले, तेही सांगून हे लेखन संपवितो. त्या मुलाच्या एजन्सीकडे आम्ही स्वहस्ते पत्र लिहिले, की चूक आमची होती, त्याने आपले काम चोख केले. त्या पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही आणि कापलेला दिवसही परत मिळालेला नाही. त्या दिवसाचे पैसे आम्ही देऊ केले. त्याने घेतले नाहीत. तो अजून उन्हातच उभा राहतो. या गणेशोत्सवात त्याला सुटी नाही. उलट उत्सवाच्या दिवसांतच त्याचे काम वाढते. म्हणून चतुर्थीची आरती आम्ही त्याच्या घरी, त्याच्या आईच्या आग्रहावरून, पहाटे पाचला करणार आहोत, कारण सहाला त्याला विरारची बस धरावयाची असते.

आणि चैत्रात त्याच प्रेक्षागृहात पुन्हा जाण्याचा योग आला, तेव्हा दारात दुसराच मुलगा होता. त्याने पिशवीकडे बोट दाखविण्याआधीच आम्ही ती उघडली. अडकित्ता मात्र घरी गणेशपट्टीखालच्या कोनाड्यात ठेवून गेलो होतो.